जऊळक्याच्या मुलीस घोडा कशाला?

ज्या कादंबरीत एक चौदा वर्षांची मुलगी आणि तिचा घोडा यांच्या स्नेहापलीकडे फारसे काही नाही, अशी कादंबरी मराठी वाचकांपुढे, आणि विशेषेकरून आमच्या वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावच्या मुलींपुढे, ठेवण्यात हशील काय, असा सवाल आम्हांस अलीकडे वारंवार ऐकावा लागतो. इनिड बॅग्नोल्ड ह्या आंग्ल लेखिकेच्या 'नॅशनल व्हेल्वेट' ह्या 1935 सालच्या कादंबरीविषयी आम्ही काही वाचकांपुढे चार शब्द बोललो, तेव्हा तो पुनः निघाला. आणि तो काढणारे गृहस्थ अडाणी नव्हते, साहित्याचे जाणते म्हणून पंचक्रोशीत त्यांची ख्याती आहे. म्हणूनच त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते. आक्षेपाचे स्वरूप असे की, घोड्याचा लळा हे सधन इंग्रज मुलींचे खूळ होय. जऊळक्यात बैल आहेत, शेळ्या आहेत, तूर-सोयाबीनची शेते आहेत, घोडा नाही. आणि समजा असला, तरी मुलीने एका जनावरावर जीव लावला ह्यात कादंबरी होण्याजोगे काय आहे? ही तर बालवाङ्मयाची सामग्री!

आक्षेपाच्या पहिल्या चरणावरूनच असे दिसते की, आक्षेपकांनी पुस्तक उघडलेले नाही. व्हेल्वेट ब्राउन ही कोणा लॉर्डाची कन्या नव्हे. ती एका खाटकाची मुलगी आहे. घरालगत कत्तलखाना, घरात चार मुली आणि एक धाकटा मुलगा, आणि कुटुंबाच्या मालकीचे एक म्हातारे, हट्टी तट्टू. मुलगी अंगाने काटकुळी, तोंडात दात सरळ करण्याची पट्टी, पोट सदा बिघडलेले. घोडे तिच्याजवळ आहेत ते कागदाचे; चित्रांतून कातरून काढलेले, आणि त्यांस ती लगाम घालते, फिरवून आणते, त्यांचा खरारा करते. पुढे गावच्या सोडतीत एका शिलिंगाच्या तिकिटावर तिला एक अबलख घोडा लागतो. तो कोणासच आवरत नाही म्हणून सोडतीत आलेला. हे सधनांचे खूळ असेल तर शिलिंगाची किंमत आक्षेपकांच्या हिशेबात फारच मोठी असली पाहिजे.

'जऊळक्यात घोडा नाही' ह्या दुसऱ्या चरणाविषयी आम्ही एवढेच विचारतो की, जऊळक्यात रेल्वे कोठून आली? मालेगाव तालुक्यातील ह्या गावास लोक 'जऊळका रेल्वे' म्हणूनच ओळखतात. इंग्लंडात जन्मलेली, वाफेवर धावणारी, सर्वस्वी परकी अशी ती वस्तू गावाच्या नावातच जाऊन बसली, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार ऐकिवात नाही. म्हणजे परक्या यंत्रास गावात ठाव आहे, परक्या मुलीच्या मनास मात्र नाही! शिवाय घोडा परका, हे म्हणणे मराठ्यांच्या मुलखात म्हणजे तर केवळ विनोद होय. ज्यांच्या पूर्वजांनी भीमथडीच्या तट्टांस यमुनेचे पाणी पाजल्याची प्रौढी आपण सभासभांतून मिरवितो, ज्या प्रांतात तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीला आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावास खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो, त्या प्रांतात घोडा परका कसा?

घोडा परका नाही. घोड्याजवळची मुलगी आपणांस परकी वाटते, हे ह्या आक्षेपाचे खरे मूळ आहे, आणि आमचे भांडण तेथे आहे. जात्यावरच्या ओव्यांत घोडा येतो तो भावाचा: तो बहिणीच्या दारी येऊन थांबतो, ती त्याच्याकडे पाहून हरखते, आणि भाऊ निघाला की घोडाही जातो. वऱ्हाडात आज कोणत्याही गावी लग्नसराईत घोडी दिसेल ती नवरदेवाखाली. वाजंत्री पुढे, घोडी मध्ये, आणि मुलगी मांडवात पाट धरून बसलेली. घोडीच्या अंगावरून हात फिरविण्याइतकी सवडही तीस मिळत नाही. अलीकडे कोठे कोठे नवरीसही घोडीवर बसवून मिरवितात आणि वर्तमानपत्रे त्याचे छायाचित्र छापितात. असो, तो एका संध्याकाळचा सोहळा झाला. मिरवणुकीचा घोडा आणि मायेचा घोडा ह्यांत जे अंतर आहे, तेच आमच्या वाङ्मयात कोणी मोजलेले नाही.

येथे आक्षेपक झाशीच्या राणीचे नाव पुढे करतील, हे आम्ही जाणतो. करावे, आमचा मुद्दा त्याने दुबळा न होता बळकटच होतो. नागपुरास झाशी राणी चौकात आणि पुण्यास जंगली महाराज रस्त्यावर लक्ष्मीबाई घोड्यावर बसलेली आहे. महाराष्ट्राने स्त्रीस घोडा दिला तो असा: हाती तलवार असेल, देशावर संकट असेल, आणि ती लवकरच मरणार असेल, तर. परंतु ब्रह्मावर्तास मोरोपंत तांब्यांची मनूताई म्हणून जी पोर वाढली, तिचे आणि घोड्याचे काय होते? तिचा विवाह 1842 साली झाला. जन्म कोणी 1828 चा मानतात, द. ब. पारसनीसांनी आपल्या चरित्रात तो 1835 चा धरला आहे. पहिला धरला तर ती विवाहसमयी तेरा-चौदा वर्षांची होते, दुसरा धरला तर अवघी सहा-सात वर्षांची. ह्या दोन सालांवर संशोधकांनी पुष्कळ शाई खर्चिली. परंतु झाशीस जाताना ब्रह्मावर्ताच्या पागेत तिने कोणास मागे ठेविले, हा प्रश्न संशोधकाचा नसला तरी कादंबरीकाराचा खचित होता.

विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण वेढ्याच्या काळी प्रत्यक्ष झाशीत होता. बाईसाहेबांचा नित्य व्यायाम आणि त्यांची घोड्यावरील मांड ह्यांविषयी तो किती कौतुकाने लिहितो! राणीच्या अश्वपरीक्षेची एक आख्यायिका तर सर्वश्रुतच आहे. दिसण्यात सारखे असे दोन घोडे विक्रीस आले. तिने दोहोंवर बसून पाहिले, एकाची किंमत हजार रुपये केली आणि दुसऱ्याची पन्नास, कारण त्याच्या छातीस आतून इजा झालेली होती. ही कथा सांगताना आपले लेखक काय म्हणतात? म्हणतात, पाहा ही केवढी चतुर राज्यकर्ती! अहो, घोड्याच्या छातीतले दुखणे मांडीखाली कळते ते राज्यशास्त्र वाचून नव्हे. त्यासाठी लहानपणी दिवसचे दिवस पागेत काढावे लागतात, तोबरा चढवावा लागतो, लाथा खाव्या लागतात. त्या दिवसांची कथा आपण लिहिली नाही. त्यांचे फळ तेवढे राष्ट्राच्या खाती जमा केले.

आणि तिच्या अंताची जी कथा परंपरेने चालत आली आहे ती पाहा. जून 1858, ग्वाल्हेरजवळचे कोट्याची सराय हे स्थळ, आणि वाटेत आडवा आलेला ओढा. घोडा नवा होता. तो ओढ्याशी अडला. ह्या 'नवा' ह्या एका शब्दात एका कादंबरीचा ऐवज आहे. जुना कोठे गेला, तो असता तर ओढ्यात शिरता का, त्याच्या कानाशी ती काय बोलत असे? आमच्या लेखकांनी ह्या शब्दावरून घोडा चौखूर दौडवीत नेला आणि ते एकदम हौतात्म्याच्या वर्णनास भिडले. हौतात्म्याविषयी आमचा आदर कोणाहून कमी नाही. परंतु ओढ्याच्या अलीकडच्या काठावर थांबण्याची ज्यांस सवड नव्हती, त्यांनी मुलगी आणि घोडा हा विषय पोरकट ठरवू नये, एवढे आमचे मागणे आहे.

आता चौदा ह्या वयाविषयी. हे वय इंग्रज कादंबरीत येते आणि आमच्या कादंबरीत येत नाही, ह्याचे कारण रुचिभेद नव्हे, कायदा आणि रूढी होय. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' मधील यमूस घोडा, वासरू, मांजर, कशाचाच लळा लागण्यास फुरसत कोठे होती? त्या वयात ती सासरी नांदत होती. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा शारदा कायदा 1929 सालचा. व्हेल्वेट अबलखावर बसली ती 1935 साली. म्हणजे ज्या वयात तिकडे एक खाटकाची पोर मुलग्याचा वेष घेऊन चार मैलांहून अधिक लांबीच्या आणि तीस उड्यांच्या लिव्हरपूलच्या शर्यतीस उतरत होती, त्याच वयाची आमची मुलगी कायद्याने नुकतीच बोहल्यावर चढण्यास पात्र होत होती. आणि ती मर्यादादेखील आपल्याकडील पुष्कळांस जाचक वाटत होती! पुढे 1949 साली ते वय पंधरा झाले, 1978 साली अठरा झाले. मुलीच्या आयुष्यात अशा रीतीने चार वर्षे मोकळी झाली. ह्या चार वर्षांत ती काय करते, कोणावर जीव लावते, कशासाठी हट्ट धरते, हे मराठी कादंबरीने विचारावयास नको काय? आमच्याकडे त्या वयाची मुलगी कादंबरीत आली की दहाव्या पानावर एखादा तरुण खिडकीखालून जाऊ लागतो. जणू लग्नाचे वय पुढे गेले तरी कादंबरीकाराची घाई काही कमी झालेली नाही.

बालवाङ्मय म्हणून हिणविणाऱ्यांस ॲना सेवेलची हकीकत सांगावीशी वाटते. चौदाव्याच वर्षी शाळेतून परतताना पडून तिचे घोटे दुखावले आणि ती जन्माची अधू झाली. पायांनी चालता येईना, तेव्हा घोड्याच्या गाडीवाचून तिचे पान हलेना; त्यातून जी ममता जडली ती 1877 सालच्या 'ब्लॅक ब्युटी'त उतरली. घोड्याच्याच तोंडून सांगितलेले ते आत्मवृत्त तिने मुलांसाठी लिहिले नव्हते. गाडीवाले, मोतद्दार आणि घोड्यांचे धनी ह्यांच्यासाठी लिहिले होते. घोड्याची मान ताठ दिसावी म्हणून आखडून बांधण्याचा जो लगाम तेव्हाच्या फॅशनेबल मंडळींत रूढ होता, त्याविरुद्ध ह्या पुस्तकाने केवढे लोकमत उठविले! पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच ती वारली. मुलांच्या कपाटात ते आपण ढकलले. कारण मोठ्यांस ते गैरसोयीचे होते.

तथापि ह्या जातीच्या सर्वच पुस्तकांची तरफदारी करण्यास आम्ही बसलो नाही. पुष्कळ कादंबऱ्यांत घोडा हा घोडा नसतोच. तो नायिकेचे मन जाणणारा, तिच्या डोळ्यांतील पाणी पाहून स्वतः डोळे भरून आणणारा असा एक चार पायांचा कविमित्र असतो. असला घोडा हरभरा खात नाही, लीद टाकीत नाही, आणि म्हणून आमच्या विश्वासासही पात्र होत नाही. खुद्द बॅग्नोल्डबाईंच्या कादंबरीतही शर्यतीचा भाग आम्हांस सैल वाटतो. तेथे योगायोगास फारच टाच मारली आहे. परंतु शर्यत हा त्या ग्रंथाचा प्राण नव्हे. व्हेल्वेट जिंकते, ती मुलगी आहे हे उघडकीस येते, विजय रद्द ठरतो, वर्तमानपत्रे घरावर तुटून पडतात, आणि तिला त्याचे काहीच वाटत नाही. घोडा धावला, तो किती मोठ्या मनाचा आहे हे जगास दिसले, एवढ्यावर ती तृप्त आहे. ग्रंथाचा प्राण म्हणजे तिची आई. हा जाडा, अबोल देह ऐन उमेदीत इंग्लिश खाडी पोहून गेलेला आहे. त्या वेळी मिळालेली सोन्याची नाणी तिने आयुष्यभर जपून ठेविली, आणि मुलीच्या प्रवेशशुल्कासाठी ती काढून दिली. मुलीने वेडे धाडस करावे, आणि आईने त्यास 'लोक काय म्हणतील' ह्याऐवजी 'पैसे किती लागतील' असे म्हणावे, हा प्रसंग आमच्या कोणत्या कादंबरीत आहे? (त्या शर्यतीत स्त्री खरोखर उतरली ती 1977 साली, आणि रेचल ब्लॅकमोर हिने ती जिंकली 2021 साली. कादंबरी शहाऐंशी वर्षे पुढे होती.)

'पण आमच्याकडे ती मुलगी आहे कोठे?' असे अजून कोणी विचारील. ती रस्त्यावर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास देशावरचे मेंढपाळ धनगर कोकणाकडे उतरू लागतात, तेव्हा त्यांचा सारा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो: भांडी, वाकळी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, आणि वर कधी एखादे मूल. पुरुष मेंढरांमागे असतात. वाडा हलविणे, घोडी लादणे, मुक्कामी ती उतरविणे आणि चरावयास सोडणे हे काम बायकांचे आणि मुलींचे. कोणती घोडी ओढ्यास बुजते आणि कोणत्या घोडीवर कोकरू ठेविले तरी चालते, हे त्या पोरीस जितके ठाऊक असते तितके झाशीवर ग्रंथ लिहिणाऱ्यांस नसेल. माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 साली आली आणि तिने धनगरांचे जग मराठीस दाखविले. तथापि ते दिसते एका तरुण मास्तराच्या डोळ्यांनी. घोडीची दोरी हाती धरून पुढे चालणाऱ्या मुलीच्या डोळ्यांनी ते अजून लिहावयाचे आहे, आणि तो ग्रंथ लिहिण्यास विलायतेस जावे लागत नाही.

तोपर्यंत कोणी 'नॅशनल व्हेल्वेट' मराठीत आणीत असेल तर आम्हांस हवेच आहे. मात्र आमच्या काही अटी आहेत. खाटकाचा किराणा-व्यापारी करू नये. कत्तलखाना गाळू नये. ज्या घरात जनावरे कापली जातात त्याच घरात एका जनावरावर असा जीव जडतो, हे लेखिकेने हेतुपुरस्सर मांडले आहे. 'पायबॉल्ड'साठी मराठीत 'अबलख' हा उत्तम शब्द आहे, तेव्हा 'काळापांढरा' लिहून भाषेची गरिबी दाखवू नये. आईच्या तोंडी उपदेश घालू नये, ती मूळची फार थोडे बोलते. मूळ पुस्तकातील चित्रे लेखिकेच्या मुलीने त्या कोवळ्या वयात काढलेली आहेत, ती मिळाल्यास तशीच छापावी, सुबक करून घेऊ नयेत. आणि शेवटी व्हेल्वेटचे लग्न लावून देण्याचा मोह प्रकाशकास झालाच, तर त्यास कोणी तरी आवरावे.