चवळीला युरिया कशाला, बाई?

भात कापून झालं की ओलीवर वाल पेरायचा, त्याला ना पाणी ना खत, ही आपल्या ठाणे जिल्ह्याची जुनी रीत. भिवंडी तालुक्यात पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीकडे कुणाही सासूबाईंना विचारा, बिरड्याचे वाल घरचेच हवेत. पण हीच बाई बाजारासाठी चवळी, गवार, वालपापडी लावते तेव्हा मात्र घरात युरियाची गोणी येते. का, तर शेजारणीची वेल बघा कशी काळीभोर झालीय!

माझ्या मते शेंगभाजीला युरिया म्हणजे भरल्या पोटी जेवण. या झाडांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यातले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र झाडाला पुरवतात. फुलोऱ्याच्या सुमारास माती भिजवून एक रोप अलगद उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर समजा, कारखाना चालू आहे. वरून नत्र ओतलंत की गाठी कमी धरतात, पाला माजतो, मावा येतो. शेंगा? त्या पिशवीभरही नाहीत.

खरी गरज आहे ती कुजलेल्या शेणखताची. गुंठ्याला १०० ते १५० किलो पुरे. त्याने माती भुसभुशीत होते, ओल टिकते, थोडं स्फुरदही मिळतं. मात्र ताजं शेण नको, हुमणी आणि वाळवी मागे लागते. बियाण्याला रायझोबियमचं पाकीट लावा. १० किलोला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण सदाबहार’ चवळीचं आणि ‘कोकण भूषण’ वालपापडीचं बियाणं मिळालं तर बघा.

आता तुम्ही म्हणाल, शेण आहे कुठे? बरोबर बोललात. भाताच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, गुरं विकली गेली. जे थोडं शेण उरतं, ते आधी राब भाजायला जातं, नाहीतर गोवऱ्यांना. राबात जाळलेल्या शेणातलं नत्र धुरातच जातं, हे कितीदा सांगितलं तरी घरातले ऐकत नाहीत. कारण गोठा झाडते ती बाई, पाटी उचलते ती बाई, पण उकिरड्याचा निर्णय तिचा नाही. सातबाऱ्यावर नाव नाही ना! मला वाद घालायचा आहे तो इथेच.

आणखी एक. नाल्याच्या काळ्या पाण्यावर वाढवलेल्या भाजीला खत घातलं नाही म्हणून ‘सेंद्रिय’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे. आपणही घेताना विचारावं, पाणी कुठलं?

अकोल्याच्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती गावठी बियाणं जपल्याबद्दल. त्यात घेवड्याचे, वालाचे किती प्रकार! शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने परसातूनच सुरुवात केली. आपल्या परसात दोन गुंठे तरी आपल्या मर्जीने करता यावेत. त्यासाठी गोठ्यालगत तीन फूट खोल खड्डा घ्या, त्यात शेण, गोठ्यातलं ओलं गवत, चुलीची राख, भाजीची देठं थराथराने टाका, वरून मातीचा लेप द्या आणि चार-पाच महिने उघडू नका. दिवाळीनंतरच्या चवळीला हवं असेल तर खड्डा जूनमध्येच भरायला लागतो.