उजेड कुठे हवा?

सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला, त्याच पूर्णा नदीवर, येलदरीत वीज तयार होते. आसपासच्या अनेक घरांत मात्र ती खोलीला एक ट्यूब एवढ्याच हिशेबाने वापरली जाते. आमच्या मते अडचण उजेड कमी असण्याची नाही, तो भलत्या जागी असण्याची आहे. मागच्या भिंतीवर ट्यूब असली, की ओट्याशी भाजी चिरणाऱ्याच्या हातावर त्याचीच सावली पडते. तिथे जास्त वॅटचा दिवा लावला तर सावली जात नाही, अधिक ठळक होते. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले, की उजेड जवळपास चौपट होतो. म्हणून ओट्यावर किंवा वहीजवळ ५ वॅटचा एलईडीही पुरतो.

दिवे वाढले की बिल वाढणार, हा आक्षेप रास्त, पण जुना. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बएवढा उजेड ९ वॅटचा एलईडी देतो, आणि २०१५च्या उजाला योजनेनंतर तो स्वस्तही झाला. खरे नुकसान वेगळेच: माळवदाच्या झरोक्यातून दिवसा फुकट येणारा उजेड स्लॅब टाकताना आपणच बुजवला. तो परत आणायचा, तर जिन्यावरच्या छतात काच बसवण्याचा विचार गवंडी येण्याआधीच करावा लागतो.