एका नदीवर दोन होड्या

गुरुवारी छावणीचा बाजार भरला की वेरूळचा रस्ता तुंबतो. कोंबड्या, मिरच्या, जुन्या चपला, बकऱ्यांची बेंबें आणि मधोमध अडकलेली एसी बस. काचेच्या आत टुरिस्ट, काचेच्या बाहेर आपण. आतला मोबाईल वर करतो. त्याने तिकीट काढलंय लेण्यांचं, पण वाटेत आपण फुकटात दिसतो. मेथीच्या जुड्या मांडून बसलेली आपली एखादी म्हातारी कुठल्या तरी परक्या देशातल्या भिंतीवर 'भारत' म्हणून टांगली जाते. तिला कुणी विचारत नाही. विचारावं लागतं, हेच कुणाला ठाऊक नाही.

बघणारा एक आणि बघितला जाणारा दुसरा, ही वाटणी आपल्याला नवी नाही. गावात होतो तेव्हा आपली सावली कुठवर पडते ते बघत होते. शहरात आलो तर धारावीच्या गल्ल्यांतून परदेशी पाहुणे फिरवायचा धंदा निघाला. म्हणून या वेळी संपादकीयात सहलीचा विषय घेतलाय तर तोंड वाकडं करू नका. फी, हॉस्टेल, स्कॉलरशिप, ॲट्रॉसिटी, यांच्याच खातेवहीतला हा विषय आहे.

बाजारात सध्या 'जबाबदार पर्यटन' नावाचा माल जोरात खपतोय. घनदाट जंगलातली नदी, नदीवर तरंगतं पंचतारांकित हॉटेल, गादीवर पडल्या पडल्या काचेतून जंगल. सकाळी पक्षी, दुपारी मगरी, संध्याकाळी 'आदिवासी वस्तीला भेट'. एकाच रांगेत. पक्षी, मगर, माणूस. सोबत नियमांचा कागद : पोरांना चॉकलेटं वाटू नका, फोटोआधी परवानगी घ्या, वस्तू विकत घ्या, घासाघीस करू नका. नियम वाईट नाहीत, आपल्या बाजारातल्या म्हातारीलाही चालतील. पण कागद लिहिला कुणी? कंपनीने. वस्तीने 'येऊ नका' म्हटलं तर बोट परत फिरवायची, अशी ओळ त्यात शोधा. सापडली तर आम्हाला कळवा.

पेरू देशात इक्वितोस नावाचं शहर आहे. ॲमेझॉनच्या नद्यांवर असल्या आलिशान बोटींतून फिरायचं तर या शहरात यावं लागतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच शहर रबराच्या पैशावर माजलं होतं. पुतुमायो नदीकाठच्या जंगलात हुलिओ अराना याच्या कंपनीने बोरा, हुइतोतो अशा जमातींना गुलाम करून रबर काढायला लावलं. माल कमी भरला की फटके, उपासमार, गोळी. कंपनी नोंदलेली लंडनला. १९१० साली रॉजर केसमेंट हा ब्रिटिश अधिकारी तपासाला गेला, १९१२ त अहवाल छापला गेला, तोवर हजारो माणसं संपली होती. उरलेल्या बोरांपैकी काही पुढे इक्वितोसच्या आसपास वसले. आज त्यांची पतवंडं मोठ्या झोपडीत टुरिस्टांपुढे नाचतात. बोट आली की सालीचे कपडे, बोट गेली की शर्ट-पँट. पणज्याची पाठ सोलून ज्या शहराने माड्या बांधल्या, त्याच शहराच्या पाहुण्यांपुढे पणतू नाचतो.

त्या नाचाला हसू नका. आपल्या आज्यानेही भाकरीच्या तुकड्यासाठी दुसऱ्याच्या लग्नात हलगी बडवलीय.

ॲमेझॉन लांब आहे. नर्मदा मात्र आपल्या महाराष्ट्राच्या अंगाला लागून वाहते, नंदुरबार जिल्ह्यात. अक्राणी म्हणजे धडगाव, आणि अक्कलकुवा. या दोन तालुक्यांतली ३३ आदिवासी गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. मणिबेली पहिलं. १९७९ साली लवादाने जमिनीला जमीन द्या म्हणून निवाडा दिला. ती जमीन मागता मागता माणसांचे केस पांढरे झाले. १९ नोव्हेंबर १९९३ ला, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, बुडिताच्या सर्व्हेला विरोध चालू असताना रेहमल पुन्या वसावे हा पंधराएक वर्षांचा पोरगा पोलिसांच्या गोळीने मेला. नामांतराच्या शहीदांची नावं आपल्याला तोंडपाठ आहेत, असलीच पाहिजेत. रेहमलचं नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा.

२०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले. २०१९ च्या सप्टेंबरात पाणी १३८.६८ मीटरवर टेकलं. डोंगराच्या सोंडा बेटं झाल्या. बाजार, दवाखाना, शाळा, सगळं होडीपलीकडे. २०१९ च्याच संक्रांतीला धडगाव तालुक्यात भूषा गावाजवळ नर्मदेत होडी उलटली. सणाला निघालेली आदिवासी माणसं होती, त्यातली काही परत आली नाहीत.

आता याच धरणाच्या भिंतीखाली या. गुजरातेत केवडिया. ३१ ऑक्टोबर २०१८ ला १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला, खर्च जवळपास तीन हजार कोटी. त्या दिवशी आसपासच्या आदिवासी गावांनी चूल न पेटवण्याची हाक दिली होती. का? ५ एप्रिल १९६१ ला नेहरूंनी धरणाची कोनशिला बसवली तेव्हा केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम, गोरा या सहा गावांची जमीन धरणाच्या वसाहतीसाठी घेतली. ती पाण्यात बुडाली नाही, कचेऱ्यांत आणि क्वार्टर्समध्ये बुडाली. म्हणून हे लोक 'बुडीतग्रस्त' ठरलेच नाहीत. धरणग्रस्ताचं कार्डसुद्धा नशिबात नाही! आणि धरणासाठी घेतलेल्या त्याच मुलखावर आज तंबूंचं शहर आहे, जंगल सफारी आहे, निवडुंगाची बाग आहे. २०१९ साली या सगळ्या पट्ट्यासाठी पर्यटनाचा खास कायदा झाला. २०२० साली पुतळ्याखालच्या पाण्यात क्रूझ सोडली. त्याच वर्षी साबरमतीहून पाण्यावर उतरणारं विमानही आलं. त्यासाठी आदल्या वर्षी तळ्यातल्या मगरी पकडून दुसरीकडे नेल्या होत्या. विमान काही महिन्यांत बंद पडलं. मगरींना कुणी परत आणलं का, हा प्रश्न विनोदी वाटेल, पण विस्थापितांच्या यादीत आम्ही त्यांनाही धरतो.

२०२० च्या टाळेबंदीत धरणाच्या वरच्या अंगाला काय चाललं होतं? चिमलखेडीची अंगणवाडी सेविका रेलू वसावे हिने एका मच्छीमाराची होडी मागून घेतली. अलिगाट आणि दादर या पाड्यांवरची माणसं करोनाच्या भीतीने अंगणवाडीत येत नव्हती. गरोदर बायांना, तान्ह्या पोरांना खाऊ पोचवायचा, वजन करायचं, तर आपणच जायचं. १८ किलोमीटर नदी, हाताने वल्हवत, हात सुजेपर्यंत. पेपरांत फोटो आला, पुढाऱ्यांनी शाबासकी दिली. शाबासकी द्यायला काय जातं? सरकारी योजनेचा खाऊ सरकारच्या होडीतून का गेला नाही, हे शाबासकी देणाऱ्यांनी सांगितलं नाही.

एकच नदी. भिंतीच्या खाली दोनशे माणसांची क्रूझ, गाणी, रोषणाई. भिंतीच्या वर एक बाई, मागून आणलेली होडी, पोषण आहाराची पाकिटं. आणि त्या पाड्याचं नाव दादर. २०२१ च्या जानेवारीत मुंबईच्या दादरहून थेट केवडियाला रेल्वे सुरू झाली. नर्मदेकाठच्या दादरला मात्र वल्ही मारत जावं लागत होतं. मध्य प्रदेशातल्या कुक्षीकडून पुतळ्यापर्यंत क्रूझ नेण्याच्या घोषणाही मधे झाल्या. ती कधी धावली तर धडगाव-अक्कलकुव्याच्या काठावरूनच जाईल. तेव्हा डेकवर उभा राहिलेला टुरिस्ट म्हणेल, वा, काय शांत जागा आहे. शांत असणारच. खाली गावं आहेत.

सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट पुढे आहे. पुतळ्याजवळ आदिवासींचं म्युझियम बांधायचं काम चालू होतं. आदिवासींची शस्त्रं, दागिने, वाद्यं, शौर्य काचेत ठेवायचं म्युझियम. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच बांधकामावर दोन आदिवासी तरुणांना चोरीच्या संशयावरून बांधून मारलं. एक लगेच मेला, दुसरा दवाखान्यात. बांधकामावरच्या सहा जणांना अटक झाली. ९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन, तोंडावर होता. काचेतला आदिवासी चालतो. जिवंत आदिवासी कुंपणाच्या आत दिसला की चोर. खैरलांजीपासून खर्ड्यापर्यंत हीच नजर आपण ओळखतो, मग केवडियाची बातमी आली तेव्हा आपल्या ग्रुपवर ती का फिरली नाही?

आता कुणी म्हणेल, रोजगार मिळाला की. मिळाला. केवडियात आदिवासी बाया गुलाबी ई-रिक्षा चालवतात, कुणी गाईड आहे, कुणी हॉटेलात. त्या पगारावर घरं चालतात आणि ते थुंकून टाकण्याइतके आपण मोठे नाही. पण ज्या शेताचा मालक होता त्याच शेतावरच्या हॉटेलात तो वेटर झाला, तर त्याला प्रगती म्हणायचं की नाही हे त्यालाच विचारा. जमिनीची मालकी आणि पगाराची चिठ्ठी यातला फरक भूमिहीनांच्या पोरांना शिकवावा लागू नये. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह आपल्याच बापजाद्यांनी केले.

दुसरा म्हणेल, बाबासाहेबांना तर धरणं हवी होती. हवी होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर आणि महानदीच्या योजनांचा पाया त्यांच्याच खात्यात घातला गेला. पाणी साठवा, शेती भिजवा, वीज काढा, नदीतून वाहतूक करा, असं ते सांगत होते. मराठवाड्याच्या दुष्काळात टँकरमागे कळशी घेऊन पळालेला माणूस धरणाचा शत्रू होऊच शकत नाही. पण पाणी कुणाच्या शेतात आणि बुडणं कुणाच्या घरात, हा हिशेब न मागता जो बाबासाहेबांचं नाव पुढे करतो, त्याने त्यांची फाईल अर्धीच वाचलीय. त्यांना नदी दारिद्र्य हटवायला हवी होती, डेकवर सरबत पीत बघायला नव्हे.

आता आपल्याकडे येऊ. सरकारला आणि शेठला शिव्या घालणं सोपं आहे, पान भरतं. पण आपल्यातही आता नोकरदार झालेत, गाड्या आल्यात, हातात भारी कॅमेरे आहेत. होळी जवळ आली की अक्कलकुव्यात काठीच्या राजवाडी होळीला जायचे बेत ठरतात. मोरपिसांचे टोप, कंबरेला घुंगरं, ढोल, रात्रभर नाच. तिथे जाऊन आपली पोरं काय करतात? नाचणाऱ्या पोरीच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात. व्रत घेतलेल्या माणसाला 'जरा इकडे बघ' म्हणतात. 'इकडे बघ'! एकेरीत! ज्याच्या बापाला गावाने आयुष्यभर एकेरीत हाक मारली त्याने ही भाषा वापरावी? १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' शब्दात आदिवासीही धरला होता. कागदावर भाऊ आणि होळीला फोटोचा विषय, हे चालणार नाही.

अंदमानात जारवांच्या जंगलातून रस्ता काढला. गाड्यांचे ताफे जाऊ लागले, जारवांवर बिस्किटं, केळी फेकू लागले. २०१२ साली बायांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गेला तेव्हा देशाला शरम वाटली. ती चार दिवस टिकली. रस्ता आहेच.

मग जायचंच नाही का कुठे? जायचं. अस्पृश्यता पाळायला आम्ही सांगत नाही. पेरूमध्येच इन्फिएर्नो नावाची वस्ती आहे. या शब्दाचा अर्थ नरक. तिथल्या एसे-एहा लोकांनी १९९६ साली एका कंपनीशी करार केला : नदीकाठी लॉज बांधायचं, नफ्यातले ६० टक्के वस्तीचे, ४० कंपनीचे, आणि निर्णयात निम्मा आवाज वस्तीचा. भांडणं तिथेही होतात. पण टुरिस्ट कुठवर येणार हे वस्तीच्या बैठकीत ठरू शकतं. आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९९६ चा पेसा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे, धडगाव आणि अक्कलकुवा पाचव्या अनुसूचीत आहेत. २०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी एकापाठोपाठ एक नाही म्हटलं आणि खाणवाल्या कंपनीला डोंगर सोडावा लागला. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटलं, नुसतं म्हटलं नाही, २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. खाणवाला 'नाही' ऐकतो तर टुरिस्ट कंपनीने का ऐकू नये? आपण तरी का ऐकू नये?

छावणी, नागसेनवन, भीमनगर भागातल्या ज्या पोरांनी यंदा काठीला जायचं ठरवलंय, त्यांनी गाडी बुक करण्याआधी तिथल्या माणसांना पत्र टाकावं किंवा फोन करावा. आम्ही आलो तर चालेल का, किती जण यावं, कुठे उभं राहावं, कॅमेरा आणावा की नाही, जेवण कुणाकडे आणि पैसे कुणाच्या हातात द्यायचे. धडगाव-अक्कलकुव्याची पोरं इथे विद्यापीठात शिकायला आहेत, आपल्याच हॉस्टेलांत राहतात, त्यांना आधी भेटा. त्यांच्याशी आजवर किती जणांनी चहा घेतलाय तेही मोजा. आलेलं उत्तर आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू. 'येऊ नका' असं आलं तर तेही छापू, पहिल्या पानावर.