पोरं हे शिकली कुठं?



कोरडवाहू कापूस-ज्वारीवर भागेना, म्हणून आपली कितीतरी पोरं ठाण्याला, कल्याण-डोंबिवलीला गेली. बायकोवर हात उगारायची रीत काहींनी गावाहूनच सोबत नेली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ४४ बायकांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्याची मारहाण रास्त म्हटली. स्वयंपाक बिघडला, न सांगता बाहेर गेली, हीसुद्धा त्यातली कारणं!

आम्ही म्हणतो, हे शाळेनं नाही, आपल्याच माजघरानं शिकवलं. २००५ च्या कायद्यानं बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला. तो लेकीला लग्नाआधीच सांगा. लेकाला सांगायचं, तर आधी आपला हात आवरा. घामाचा भाव मागणाऱ्यांनी घरातल्या घामाला मार देऊ नये.