थंड हवेच्या गावचा मित्र

डोंगरावरच्या गावात राहणाऱ्या माणसाबद्दल आपण सपाटीवरचे लोक नेहमी एकच बोलतो, "मजा आहे बुवा त्याची! ना धूर, ना धूळ. आजार त्याच्या वाटेला जाईलच कशाला?" मीही चिखलदऱ्याच्या माझ्या मित्राबद्दल वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे चार दिवस राहून आलो आणि हे बोलणे किती उथळ होते ते कळले.

आम्ही दोघे मुदखेडच्या शाळेत एका बाकावर बसलेलो. मी डॉक्टर झालो, तो शिक्षक होऊन मेळघाटात गेला आणि तिकडचाच झाला. निवृत्तीनंतरही तो खाली उतरला नाही. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. मुलगा पुण्याला. फोनवर विचारले की ठरलेले उत्तर, "मजेत आहे रे! तू ये हवापालटाला." शेवटी एकदाचा योग आला. मुदखेडहून रेल्वेने अकोला, तिथून एस.टी.ने अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट. सौ.ने पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून मुदखेडची फुले घेतली होती. घाटात तिला मळमळले, त्याचा दोष मात्र परतवाड्याला खाल्लेल्या भज्यांकडे जातो. घाट चढण्यापूर्वी हलके खावे, पुढच्या बाकावर बसून दूरवर पाहावे आणि ज्यांना नेहमी त्रास होतो त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्यावी, हे मी रोग्यांना सांगतो; घरी सांगायचे राहून गेले.

मित्र थांब्यावर घ्यायला आला होता. थांब्यापासून त्याचे घर जेमतेम पाच मिनिटांच्या चढावर. तेवढ्यात तो तीनदा थांबला. प्रत्येक वेळी हसून म्हणाला, "इथली हवा विरळ आहे ना!"

वाचकहो, या एका वाक्यासाठी आजचा लेख आहे.

चिखलदऱ्याची उंची सुमारे १,१०० मीटर. विरळ हवेचा खरा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. तो लडाखला किंवा केदारनाथला होतो. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेसुद्धा १,६४६ मीटरच आहे. म्हणजे महाबळेश्वर असो, तोरणमाळ असो की आपले माहूर, महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात चालताना धाप लागली तर तिचा दोष हवेला देता येत नाही. तो हृदयात, फुफ्फुसात, रक्ताच्या कमतरतेत किंवा वाढलेल्या वजनात शोधावा लागतो. आणि तीस-पस्तीस वर्षे त्याच चढावर राहिलेल्या माणसाला तो चढ यंदाच जड वाटू लागला असेल, तर चढ बदललेला नसतो, माणूस बदललेला असतो.

रात्री जेवताना आणखी गोष्टी दिसल्या. ताटात कुटकीचा भात, पिठले आणि शेजारी लोणचे, पापड, खारवलेली मिरची. एकट्या माणसाचे जेवण असेच होते. भाजी कमी आणि मीठ जास्त. झोपताना त्याने तीन उशा रचल्या. "आडवे पडले की जीव घाबरतो," असे सहज बोलून गेला. सकाळी कोवळ्या उन्हात बसलो असताना त्याच्या पायाच्या नळीवर मी अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला. रक्तदाब मोजण्याचे यंत्र माझ्या पिशवीत असतेच. आकडा आला १८०/१००.

मी म्हणालो, "उद्या अमरावतीला जायचे."

तो म्हणाला, "अरे, तू पाहुणा आलास. तुला गाविलगड दाखवायचा सोडून दवाखाना काय दाखवू?"

अमरावती सुमारे ८० किलोमीटर. सकाळच्या धुक्यात घाट उतरायचा, दवाखान्यात नंबर लावायचा, तपासण्या करायच्या आणि संध्याकाळी परत चढायचे. हे सगळे एकट्याने. "बरोबर कोणी नसले की जाववत नाही रे," हे खरे कारण त्याने दुसऱ्या दिवशी जीपमध्ये सांगितले. तपासणीत निष्पन्न झाले की, वर्षानुवर्षांच्या रक्तदाबामुळे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद बरीच कमी झाली आहे. पाणी फुफ्फुसात आणि पायांत साचत होते. आता गोळ्या सुरू आहेत, लोणचे-पापड बंद आहे. रोज सकाळी तो वजन लिहून ठेवतो. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ते अंगावरचे मांस नव्हे, साचलेले पाणी, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, एवढे त्याला पाठ झाले आहे. चढ अजून एका दमात होत नाही. पण उशी एकच लागते.

थंड हवेची ही गावे मुळात प्रकृतीसाठीच प्रसिद्धीस आली. वऱ्हाड निजामाच्या राज्यात असताना, १८२३ साली, हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्याला चिखलदऱ्याची जागा सापडली, असे सांगतात. क्षयावर औषध नव्हते त्या काळी पाचगणीसारख्या ठिकाणी आरोग्यधामे उभी राहिली, कारण हवा, विश्रांती आणि आहार याखेरीज वैद्याच्या हाती दुसरे काही नव्हते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि काळ बदलला. पण हवा म्हणजेच औषध ही समजूत आपल्या डोक्यातून अजून गेलेली नाही. मेळघाटच बघा. हवा उत्तम, जंगल उत्तम, आणि १९९३ साली याच मेळघाटातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. बैरागडला जाऊन राहिलेले डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, ती तिथली हवा चांगली होती म्हणून नव्हे. जिथे डॉक्टर जात नव्हता तिथे ते राहिले म्हणून. आरोग्य हवेपेक्षा रस्त्यावर, डॉक्टरवर आणि बरोबर येणाऱ्या माणसावर अधिक अवलंबून असते.

यावर कोणी म्हणेल, आता १०८ ची रुग्णवाहिका आहे, ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते, उपकेंद्रात रक्तदाब मोजून मिळतो. हे सारे आहे आणि त्याचा उपयोग केलाच पाहिजे. पण जो माणूस स्वतःला आजारी समजतच नाही, तो यातले काही वापरणार कसा? फोनवर "मजेत आहे" ऐकू येते. सुजलेला पाय दिसत नाही. रोज भेटणाऱ्या शेजाऱ्यांनाही तो दिसत नाही, कारण सूज रोज थोडी थोडी वाढते. ती दिसते वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्याला. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, दूर डोंगरात एकट्या राहणाऱ्या मित्राकडे जाणे ही चैन नव्हे, आरोग्यसेवा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो असे सांगितले आहे, आणि एकटेपणामुळे हृदयविकार, पक्षाघात व अकाली मृत्यूचा धोका वाढतो असेही नमूद केले आहे.

तेव्हा जाल तेव्हा एवढे करा. स्वतःच्या रोजच्या गोळ्या दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या घ्या. तिथे तुमचीच गोळी मिळेल असे नाही. उबदार कपडे घ्या, कारण थंडीने रक्तदाब वाढतो. दम्याचा पंप हाताशी ठेवा. आणि मित्राच्या घरी पोचल्यावर केवळ देखावे पाहू नका, मित्राकडे पाहा. तो चढावर थांबतो का? उशा किती घेतो? पायात चप्पल घट्ट होते का? जेवण रांधतो की नुसतेच भागवतो? शेवटची तपासणी कधी झाली? काही खटकले तर सल्ला देऊन परतू नका. एक दिवस मोडा आणि त्याला घेऊन घाट उतरा.

आपल्या जिल्ह्यातही माहूर आहे, किनवटचे डोंगर आहेत. नवरात्रात आपण माहूरला जातो, दर्शन घेतो आणि त्याच दिवशी परततो. त्या गावात तुमच्या ओळखीचे एखादे दार असेल, तर या खेपेला तेही वाजवा.

गाविलगड मी पाहिला नाही. मित्र म्हणतो, "पुढच्या हिवाळ्यात चढू, हळूहळू." मी होकार दिला आहे.