कागदांची कसोटी आणि निर्वासित श्रमिक

फाळणीच्या वणव्यातून आलेल्या सिंधी कुटुंबांना जबलपूरने आश्रय दिला, त्यास पाऊणशे वर्षे उलटली. त्यांच्या मागून सीमा ओलांडून आलेल्यांपुढे मात्र आजही प्रश्न आहे तो कागदांचा.

११ मार्च २०२४ च्या नियमांनुसार पाकिस्तान, बांगलादेश वा अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या अर्जदारांनी दोन पुरावे द्यावयाचे असतात : एक मूळ देशाचा, दुसरा प्रवेशाच्या काळाचा. मुदत संपलेले पारपत्रही ग्राह्य धरले जाते. त्या काळातली शिधापत्रिका वा विजेचे बिलही चालते. शिवाय चारित्र्याबद्दल भारतीय नागरिकाचे शपथपत्र हवे. मग टपाल अधीक्षकांच्या जिल्हा समितीपुढे मूळ कागदांसह जातीने हजर राहून निष्ठेची शपथ घ्यावयाची. संधी देऊनही हजर न राहणाऱ्याचा अर्ज नामंजुरीच्या विचारार्थ वर धाडला जातो.

भाड्याच्या खोल्या बदलत रोजंदारीवर जगणाऱ्याने दशकापूर्वीचे बिल आणावे कोठून? एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरे, एवढ्यानेही त्याचे काम अडते. कार्यकर्त्यांनी अशा कुटुंबांसोबत बसून, तारखेपूर्वीच प्रत्येक कागद ताडून पाहिला पाहिजे.

परंतु तेवढ्याने कर्तव्य संपत नाही. तीच सीमा ओलांडून, छळापासून पळून आलेल्या अहमदियाला हे दार बंदच आहे. कागद जुळवून देणे ही सेवा झाली; धर्माची अट हटवून कायद्यापुढील समानता प्रस्थापित करणे, हा लढा आहे. दोन्ही एकाच वेळी चालले पाहिजेत.