मामांच्या नटबोल्टचा कार्बन

भोसरीत माझ्या मामांचं नटबोल्ट बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. माल एका निर्यातदारामार्फत युरोपात येतो. मध्यंतरी त्या निर्यातदाराने मामांना एक एक्सेल शीट पाठवली : एक टन माल बनवताना किती कार्बन डायऑक्साइड सोडता? मामांनी रकान्यात लिहिलं, 'आमच्याकडे धूर होत नाही', आणि शीट मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. "बघ रे, हे तुझ्याच खात्याचं दिसतंय."

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. कारण इथे जर्मनीत अशाच शीट पुरवठादारांना पाठवायचं काम मी करतो.

माझं शिक्षण कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं. स्टुटगार्टजवळच्या आमच्या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तीन वर्षांपूर्वी कार्बनचा हिशेब सुरू करायचं ठरलं आणि 'डेटाचं काम आहे ना, मग आयटीवाला करेल' या न्यायाने ते माझ्या गळ्यात पडलं. जगभर चालणारी पद्धत म्हणजे जीएचजी प्रोटोकॉल, 2001 सालचा. त्यात तीन स्कोप. आपण स्वतः जाळलेलं इंधन पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि उरलेलं सगळं, म्हणजे कच्चा माल, वाहतूक, विमानप्रवास, विकलेल्या यंत्राने पुढे खाल्लेली वीजसुद्धा, तिसऱ्यात.

पहिल्या दोघांना कन्सल्टंट लागत नाही, बिलं लागतात. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. भारतातल्या ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे साधारण 0.7 किलो, जर्मनीत त्याच्या जवळपास निम्मा. गुणाकार करायचा, झालं. आमच्या अकाउंट्समधल्या बाईंकडे सगळी बिलं वर्षावार लावलेली होती. माझं काम आठवड्यात संपलं.

फजिती झाली तिसऱ्यात. कोणत्या पुरवठादाराकडून किती टन पोलाद घेतलं हे चटकन मिळेना, म्हणून मी सोपी वाट धरली : खर्च झालेले युरो गुणिले सरासरी आकडा. पद्धत मान्य आहे, सुरुवातीला सगळे तेच करतात. पण पुढच्या वर्षी पोलाद महागलं, खरेदी मात्र कमी झाली, आणि माझ्या तक्त्यात कार्बन वाढलेला! मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "माल कमी घेतला तर धूर जास्त कसा?" चूक माझीच होती. मी धूर मोजतच नव्हतो, भाव मोजत होतो. म्हणून आता पुरवठादारांकडे टनांचे खरे आकडे मागतो, आणि ती शीट एकाकडून दुसऱ्याकडे सरकत शेवटी मामांसारख्यांच्या टेबलावर जाऊन पडते.

तिथे मात्र प्रश्न नुसत्या अहवालाचा राहत नाही. सीबीएएम, म्हणजे युरोपचा सीमेवरचा कार्बन शुल्काचा कायदा, ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती मागत होता. 1 जानेवारी 2026 पासून पैशांचा हिशेब सुरू झालाय. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं त्यात आहेत, आणि नटबोल्टही. वर्षाला 50 टनांपर्यंत असा माल आणणारा आयातदार सुटतो, मोठा नाही. पैसे आयातदार भरणार, पण तो ते कोणाच्या दरातून कापणार हे धंदेवाल्याला सांगायला नको. युरोपातल्या कारखान्यांची मोफत परवान्यांची सवलत जसजशी आटेल, तसतसा हा बोजा 2034 पर्यंत चढत जाईल. आणि खरा, तपासून घेतलेला आकडा दिला नाही, तर सरकारी ठोकळ आकडा धरतात, तोही वाढवून. म्हणजे ज्याच्याकडे वही नाही तो स्वच्छ असला तरी मळका ठरतो. हे मला अन्यायाचंच वाटतं. बड्या गिरणीकडे यासाठी माणसं असतात, मामांकडे मामी आहेत.

मामांना विजेच्या बिलाची धास्ती होती. "मामा, पोलादाच्या मालाला या कायद्यात विजेचा कार्बन धरत नाहीत. तुमचा खरा भार तुम्ही विकत घेता त्या वायर रॉडमध्ये आहे." ब्लास्ट फर्नेसचं पोलाद असेल तर टनाला दोन टनांहून जास्त, भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीचं असेल तर खूपच कमी, त्या भट्टीत कोळशावरचं स्पंज आयर्न घातलं असेल तर पुन्हा जड.

"पण रॉड मी व्यापाऱ्याकडून घेतो. तो कुठल्या भट्टीतला हे मला काय माहीत?"

"मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं ना? त्यावर हीट नंबर असतो."

सर्टिफिकेटं निघाली, गठ्ठ्याने, कपाटावरच्या खोक्यात. मामींनी आता वही घातलीय : तारीख, कॉइल, वजन, मिल, हीट नंबर. शेवटचा कार्बनचा रकाना अजून रिकामा आहे. मिलला मी दोनदा ईमेल केलीय. व्यापारी मामांना म्हणाला, "साहेब, नटबोल्टला एवढं कोण विचारतं?" निर्यातदाराने पंधरा तारखेपर्यंत शीट परत मागितलीय.